उजव्या कुशीवर झोपलेलं गाणं

आमच्या घरात फ्रिज बंद करण्याची एक वेळ आहे. दुपारी इमारतीतली मुलं शाळेत असतात, मोठी माणसं कामावर असतात आणि वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जेवून आडवे झालेले असतात. तेव्हा माझी नणंद स्वयंपाकघरात येते, फ्रिजचं बटण बंद करते आणि मला बजावते, "वहिनी, आता नळ सोडायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही आणि शिंक आली तर गॅलरीत जायचं." मग ती आपल्या बारक्या खोलीत शिरून दार लावून घेते. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ तिने केव्हाच उतरवलं. ते आता माझ्या कपाटात स्वेटरांच्या घडीत टिकटिकत असतं.

तिला सगळे हॅलोताई म्हणतात. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तिची सगळी नोकरी झाली. घरी कुणी दार वाजवलं तरी ती आतून 'हॅलो' म्हणायची. त्यावरून यांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, हे नाव पाडलं आणि ते पार दूधवाल्यापर्यंत पोचलं. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची हिंमत माझ्या सासूबाईंनाही झाली नाही. हे गेले, पुढे ती निवृत्त झाली. दोघींनी दोन घरं कशाला झाडायची, म्हणून ती माझ्याकडे राहायला आली. येताना कपड्यांची एक बॅग आणि एक खोकं घेऊन आली. त्या खोक्याला तिने हमालालाही हात लावू दिला नाही. मला वाटलं, दागिने असतील. निघाला मायक्रोफोन.

मी चिडले की तिला 'वन्सं' म्हणते, एरवी नुसत्या 'अगं'वर भागतं. त्या दिवशी मी म्हटलं, "वन्सं, ह्या वयात कुठे भाषण द्यायचंय?"

"भाषण तुम्ही देता की रोज," ती म्हणाली. "मी गाणार आहे."

गाणी ती बोर्डावरच रचायची. एका कानावर हेडसेट, समोर लुकलुकणारे दिवे आणि तारेच्या पलीकडे दिवसभर घाबरलेली माणसं. कुणी बाळाची बातमी विचारतंय, कुणाला डॉक्टर हवेत, कुणाला नक्की कोण हवंय हेच सांगता येत नाहीये. दोन फोनच्या मधे जो रिकामा क्षण मिळे त्यात ती एक ओळ मनात बांधायची. जेवायच्या सुट्टीपर्यंत ओळ टिकली तर ती चांगली, असा तिचा नियम होता. न टिकलेली तिने कधी शोधली नाही. एका गाण्याचा मुखडा असा आहे:

थांबा, लाईन देते म्हणाले,
घंटा वाजत राहिली;
न पाहिलेल्या घराची मी
घंटेतून खोली पाहिली.

चाल तिची, शब्द तिचे, आवाज तिचा. रेकॉर्डिंगही स्वतःच करायचं, ह्या हट्टामागे एक जुनी जखम आहे. तरुणपणी कुणाच्या तरी ओळखीने एका स्टुडिओत तिचं एक गाणं ध्वनिमुद्रित झालं होतं. ती गाऊन घरी आली आणि मागाहून तिथल्या मंडळींनी त्यावर व्हायोलिनं चढवली, कोरस चढवला, घुंगरंसुद्धा चढवली. तयार गाणं ऐकून ती यांना म्हणाली होती, "दादा, बापाच्या कोटात गुंडाळलेलं पोर दिसतंय रे हे. तोंडच सापडत नाही." पुढे ते गाणं कुणी वाजवलं नाही आणि तिनेही पुन्हा कुणाच्या हाती गाणं दिलं नाही. निवृत्तीपर्यंत ती थांबली. तेवढा धीर माझ्यात नाही.

बारकी खोली पूर्वी आमची अडगळीची होती. तिने तीन भिंतींना जुनी ब्लँकेटं टांगली, चौथ्या भिंतीशी गादी उभी केली आणि कपड्यांचं कपाट सताड उघडं ठेवलं, कारण कपडे आवाज पितात. मायक्रोफोनपुढे भरतकामाच्या रिंगवर ताणलेला माझा एक पायमोजा आहे, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना हवेचा फटका बसत नाही. त्या मोज्याचा जोडीदार मी बरेच दिवस शोधत होते. कॉम्प्युटर जुना, कुणीतरी ऑफिसातून काढून टाकलेला. त्याच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बाहेरच्या खोलीत, टेबलाखाली, आणि दाराच्या फटीतून त्याच्या तारा आत. तिथे मी केर काढायचा नाही.

हे सगळं ती कुणाकडे जाऊन शिकली नाही. इंटरनेटवर पाहायची, चुकायची, पुसायची, पुन्हा करायची. मला ती एकदा समजावून सांगत होती. प्रत्येक आवाज वेगळा टिपायचा: गाणं वेगळं, गिटार वेगळी, टाळी वेगळी. मग पडद्यावर ते पट्ट्यापट्ट्यांनी एकाखाली एक येतात. कुणाला किती मोठं ठेवायचं, कुणाला डावीकडे बसवायचं, कुणाला उजवीकडे, कुणाचा टोकदारपणा घासायचा, हे सगळं ठरवून त्यांचं एक गाणं करायचं. त्याला मिक्सिंग म्हणतात. ते करताना ती कानांना हेडफोन लावून इतकी स्थिर बसते की मी दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते पाहून आले आहे.

गिटार वाजवतो आमच्या इमारतीखालचा चष्मेवाला. त्याचं तळमजल्यावर दुकान आहे. पन्नाशीचा, गोल पोटाचा माणूस. गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरमागे बसून गिटार छेडत असतो. हॅलोताईने त्याला ऐकलं आणि थेट सांगितलं, "सुरात आहात, पण फार बोलता. तुमची गिटारही फार बोलते. वर या, कमी करू." तो आला, आणि येतच राहिला. एका ओळीसाठी ती त्याच्याकडून इतक्या वेळा वाजवून घेते की तो मला म्हणतो, "काकू, माझ्या बोटांना चष्मा लागायची वेळ आलीये."

पहिली तक्रार त्यानेच केली. तिने चार गाणी पुरी करून त्याला ऐकायला पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तो वर आला, चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"काय ते सांगून टाका," हॅलोताई म्हणाली. "कप रिकामा आहे तो."

"गाणी फर्स्टक्लास आहेत. फक्त..." त्याने मान एका खांद्यावर कलती केली. "हॅलोताई, सगळी गाणी उजव्या कुशीवर झोपलीयेत."

"म्हणजे?"

"उजव्या बाजूला सगळं जास्त आहे. मोठंही आणि टोचतंही. तुमच्या 'स'ने माझा उजवा कान कापला."

"तुमच्या हेडफोनला दाखवा डॉक्टर," ती म्हणाली.

मग मी ऐकलं. मला गाण्यातलं फारसं कळत नाही, पण उजवीकडून कुणीतरी कानाशी ओरडतंय आणि डावीकडे पलीकडच्या खोलीत बोलतंय, एवढं मलाही कळलं. मी तसं म्हटलं. तिने माझ्याकडे करुणेने पाहिलं. "वहिनी, तुमचं आता वय झालं." ती माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान आहे.

आमच्या गावात कॉलेजच्या आवारातून चालणारं एक छोटंसं रेडिओ केंद्र आहे. तिथे दुपारच्या कार्यक्रमात गावातल्याच माणसांनी केलेली गाणी लावतात. हॅलोताईने चारही गाणी तिथे पाठवली. आठवडा उलटायच्या आत कार्यक्रम करणाऱ्या बाईंचा फोन आला. फोन आला की हॅलोताई तो नेहमी स्पीकरवर टाकते. पूर्वी दुसऱ्यांचं बोलणं ऐकावं लागायचं, आता माझं सगळ्यांनी ऐकावं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे मी सगळं ऐकलं.

बाई अगदी मनापासून बोलत होत्या. घंटेचं गाणं त्यांनी आईला ऐकवलं होतं आणि आई रडली होती. पुढच्या महिन्यात चारही गाणी लावायची त्यांची इच्छा होती. "फक्त मिक्सिंग असं लावता येणार नाही हो. एका बाजूला गेलंय सगळं. तुम्ही आवाजांच्या वेगवेगळ्या पट्ट्या पाठवा, आमचा इंजिनिअर पुन्हा मिक्स करून देईल. चांगला मुलगा आहे, छान भरून काढेल."

"भरून?" हॅलोताई म्हणाली.

"म्हणजे थोडी स्ट्रिंग्ज, व्हायोलिनं वगैरे."

तिने फोन ठेवला. मला त्या कोटातल्या पोराची आठवण झाली. तिलाही झाली असणार.

तिने चष्मेवाल्याला वर बोलावलं. तो बिचारा तिची बाजू सावरायला बघत होता. म्हणाला, "मला वाटतं तुमच्या हेडफोनचा उजव्या कानावरचा भोपळा नीट वाजत नसेल. तो कमी वाजतो म्हणून तुम्ही उजवीकडे वाढवत जाता. नवे हेडफोन घेतले की सुटला प्रश्न."

हे तिला पटलं. चेहराच उजळला. "आत्ता बघू," म्हणाली. "मी ते उलटे घालते. वाईट भोपळा डाव्या कानावर येईल. तिथे कमी ऐकू आलं की गुन्हेगार सापडला."

तिने हेडफोन उलटे घातले, पडद्यावर आपलं गाणं लावलं आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं.

दुसऱ्याच क्षणी तिने ते कानांवरून ओरबाडून काढले. डाव्या कानावर हात दाबून धरला. हेडफोन तिच्या मांडीवर पडले होते आणि त्यातून गाणं बारीक किरकिरत होतं. चष्मेवाला काही बोलायला गेला, मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

"टोचतंय," ती म्हणाली. "खरंच टोचतंय हो."

भोपळा धडधाकट होता. उजवी बाजू तिच्या चांगल्या कानावर गेल्याबरोबर आम्ही सगळे जे ऐकत होतो ते तिने पहिल्यांदा ऐकलं होतं.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोक्यात बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. डाव्या कानाच्या वेळी तिचा अंगठा भराभर चालत होता. उजव्याच्या वेळी ती बटणाकडे बघत बसली होती. डॉक्टरांनी कागद दाखवला. डाव्या कानाची रेघ वयाच्या मानाने बरी, जरा घसरती; उजव्याची पायऱ्या उतरत तळघरात गेलेली.

"हेडसेट ह्याच कानावर असायचा का?"

"हो. डाव्या बाजूला बोर्डावरची दुसरी बाई असायची, तिच्याशी बोलायला तो कान मोकळा."

"तेच कारण असेल असं नक्की सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "असू शकतं. यंत्र लावा, बोलणं चांगलं ऐकू येईल. गाण्यातले बारकावे मात्र पूर्वीसारखे मिळतील असं मी म्हणणार नाही."

रिक्षात ती म्हणाली, "उजवा नोकरीला गेला, वहिनी. पेन्शनसुद्धा त्याचीच खातेय मी." मी हसले. ती हसली नाही.

पुढचे काही दिवस फ्रिज दुपारभर चालू राहिला. त्याची घरघर मला पहिल्यांदाच नकोशी झाली. मी नळ सोडला, खुर्ची सरकवली, एकदा मुद्दाम शिंकलेसुद्धा. ती पेपर वाचत बसली. शेवटी तिने रेडिओवरच्या बाईंना स्वतःच फोन केला आणि पट्ट्या पाठवते म्हणून सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाली, "अर्धं ऐकू येणाऱ्या माणसाने दुसऱ्याला अर्धं का ऐकवावं?"

"अगं पण तो मुलगा व्हायोलिनं चढवेल."

"चढवू दे."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून 'चढवू दे' मी ऐकलं नव्हतं. मी तिची समजूत घालायला गेले नाही. माझ्या समजूत घालण्याचा तिला लहानपणापासून, म्हणजे माझ्या लग्नापासून, राग आहे.

पट्ट्या वेगळ्या करायच्या म्हणजे प्रत्येक एकदा ऐकून, नाव देऊन बाजूला ठेवायची. हेडफोन तिला डोळ्यांपुढे नको होते. म्हणून तिने माझ्या जुन्या टेपरेकॉर्डरची तार कॉम्प्युटरला जोडली. त्या टेपरेकॉर्डरची कॅसेट केव्हाच अडकलेली आहे, पण त्याचा एकुलता एक स्पीकर ठणठणीत आहे. तो टेबलावर मधोमध ठेवून ती ऐकत बसली. मी समोर भाजी निवडत होते. आधी नुसता तिचा आवाज आला. मग तिने गिटारची पट्टी उघडी ठेवली, मग टाळी. तिघं एकदम वाजू लागली. तिने पट्ट्या बंद करायचं सोडून दिलं. खुर्ची वळवली, डावा कान स्पीकरकडे केला आणि डोळे मिटले.

"वहिनी, हे तुम्हाला कसं ऐकू येतंय?"

"चांगलं येतंय की. जरा सरमिसळ होतेय."

"टोचतंय कुठे?"

"नाही."

"कुठल्या बाजूने जास्त?"

"बाजू कुठली? सगळं त्या डब्यातूनच येतंय."

तिने डोळे उघडले. "ह्याला डावं-उजवं नाहीच," ती सावकाश म्हणाली. "मग मला जे ऐकू येतं तेच तुम्हाला येतंय. अगदी तेच." उठली, तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज बंद केला.

तिने त्या बाईंना कळवलं की पट्ट्या येणार नाहीत, गाणीच येतील, आणि नाही आवडली तर परत करा. मग जे सुरू झालं ते मी जवळून पाहिलं आणि ते पाहायला मिळालं म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजते. डावं-उजवं सोडून दिल्यावर तिच्याकडे उरलं होतं फक्त जवळ आणि लांब. आवाज जवळ आणायचा म्हणजे तो कोरडा आणि स्पष्ट ठेवायचा. लांब न्यायचा म्हणजे हळू करायचा, त्याची धार घासायची आणि त्याला थोडा खोलीचा घुमारा द्यायचा. कॉम्प्युटरमधला तयार घुमारा तिला आवडेना. "देवळात कुणी गेलं नसताना घंटा वाजल्यासारखा आहे," म्हणाली. तिने टेपरेकॉर्डर न्हाणीघरात कोरड्या बादलीवर ठेवला, दाराशी मायक्रोफोन लावला, त्यातून गिटारची पट्टी वाजवली आणि फरश्यांवरून परत येणारा आवाज टिपला. त्या दिवसांत मला अंघोळीला परवानगी घ्यावी लागे. एकदा टॉवेल खांद्यावर घेऊन मी विचारलं, "वन्सं, माझी पाळी केव्हा?" आतून उत्तर आलं, "गिटार वाळली की!"

खरी मारामारी झाली ती घंटेच्या गाण्यात. त्यात तिच्या आवाजाच्या आणि गिटारच्या सुरांची उंची एकच. पूर्वी तिने गिटार एका टोकाला बसवून भांडण मिटवलं होतं. आता दोघं एकाच डब्यात कोंडली गेली होती. चष्मेवाला म्हणाला, "गिटार काढून टाका, मी मनाला लावून घेणार नाही." आणि लगेच मनाला लावून घेतल्यासारखा खिडकीबाहेर बघू लागला.

"काढायची कशाला?" ती म्हणाली. "डावं-उजवं असतं तेव्हा भांडणाऱ्या दोघांना वेगळ्या खोल्यांत बसवता येतं. इथे एकाच खोलीत राहायचंय. मग एकाने बोलताना दुसऱ्याने जरा दम धरायचा. आम्ही दोघी नाही राहत?"

"दम कोण धरतं?" मी विचारलं.

"आळीपाळीने," ती म्हणाली. तेवढं उदार बोलणं मी त्या आठवड्यात दुसरं ऐकलं नाही.

तिने त्याला बसवून ते गाणं पुन्हा वाजवायला लावलं, आणि ह्या वेळी ती गाते तिथे थांबायचं, श्वास घेते तिथे वाजवायचं. तो चुकत होता, कारण बोटांना सवय जुनी. ती त्याच्यासमोर उभी राहून श्वास घेताना हात वर करत होती. शेवटी एकदा जमलं. चष्मेवाल्याने गिटार खाली ठेवली आणि मला म्हणाला, "काकू, मी आजवर गाण्यावर वाजवत होतो. आज गाण्यात वाजवलं."

चारही गाणी पुन्हा गेली. बाईंचा फोन आला, तो तिने नेहमीप्रमाणे स्पीकरवर टाकला. इंजिनिअर मुलगाही त्यांच्याबरोबर होता. तो अदबीने म्हणाला की गाणी एकाच वाटेची आहेत, हरकत नसेल तर तो त्यांना दोन्हीकडे थोडी पसरवून देईल, बाकी काही हात लावणार नाही.

"माझी हरकत आहे," हॅलोताई म्हणाली.

मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. मग तो म्हणाला, "बरं. आहेत तशीच लावतो. मोबाईलवर ऐकतात सगळे, त्यावर फार छान वाटतायत." बाई म्हणाल्या, "आणि आता टोचत नाहीत."

कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही खाली चष्म्याच्या दुकानात जमलो. चष्मेवाल्याने दाराला 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी लावली आणि आतच बसला. निवेदन करणाऱ्या बाईंनी सांगितलं, शब्द, चाल, स्वर, ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंग, सगळं गायिकेचंच, आणि घरातलंच. चष्मेवाला पुटपुटला, "गिटार आकाशातून पडली वाटतं," तेवढ्यात त्याचंही नाव आलं आणि तो गप्प झाला.

घंटेचं गाणं लागलं. हॅलोताई स्टुलावर बसली होती, डावा कान रेडिओकडे, डोळे मिटलेले. मी तिच्या उजव्या बाजूला होते. "अगं, किती स्पष्ट येतंय," मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं नाही. मी उठून माझं स्टूल तिच्या डाव्या बाजूला नेलं आणि तिथे बसले. तिने डोळे न उघडता माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि त्यावर बोटाने ताल धरला. तिने श्वास घेतला तिथे गिटार आली, ती गायला लागली तशी गिटार मागे सरली, आणि न पाहिलेलं ते रिकामं घर दुकानात, आरशांच्या आणि फ्रेमांच्या मधे, अगदी जवळ येऊन उभं राहिलं.

चारही संपली. चष्मेवाल्याने नाक पुसलं. "बोला, हॅलोताई. कसं झालं?"

"तिसऱ्या गाण्यात तुम्हाला अजून बोटभर मागे न्यायला हवं होतं," ती म्हणाली.

"आता लागून गेलं की हो ते!"

"पाचव्यात नेते," ती म्हणाली, आणि वर जायला निघाली.